सूर्यभानचा कान

सूर्यभानच्या कानाच्या भरवशावर मी माझी सगळी नोकरी काढली. मी एसटीचा ड्रायव्हर, तो कंडक्टर. अकोला-परतवाडा म्हणा, अकोला-अमरावती म्हणा, जी गाडी वाट्याला येईल ती. खिडक्या खडखडायच्या, पोरं रडायची, आणि त्या गोंधळात मागच्या बाकावरची एखादी म्हातारी पुटपुटल्यासारखं "थांबवा" म्हणाली की याची घंटी वाजलीच. त्याला याचा भारी गर्व.

"मले दुसऱ्यांदा हाक माराचं काम नाई," तो छाती काढून सांगायचा.

"मंग सुट्टे पैसे मागनाऱ्याचं कावून ऐकू येत नाई तुले?" मी चिडवायचो.

त्याच्या घरीही तेच. मागच्या खिडकीला लोखंडी पत्र्याचा कूलर. अकोल्याच्या मे महिन्यात त्याच्याशिवाय माणूस भाजून निघतो. बटण घरात, पण पाणी बाहेरून, अंगणात उभं राहून नळीनं टाकावं लागे. पत्र्यात करंट उतरतो हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे ते कोणाला माहीत नसतं? म्हणून रीतच पडली आहे, पाणी टाकणाऱ्यानं हाक द्यायची आणि आतल्यानं बटण बंद करायचं. त्याची बायको, ललितावहिनी, नळी घेऊन "अवो, पानी टाकून राहिली!" म्हणायच्या आणि लगेच ओल्या हातानं कूलरची वाळ्याची ताटी सरकवायच्या. उत्तराची वाट पाहायच्या नाहीत. तोवर सूर्यभाननं बटण दाबलेलं असायचं.

"वहिनी, जरा थांबत जा ना," मी म्हणायचो.

"कायले भाऊजी? याइले ऐकू येतेच."

रिटायर झाल्यावर सूर्यभानच्या डोक्यात होम थिएटर शिरलं. जन्मभर खडखडाट ऐकला, आता चांगलं काही ऐकायचं. हौस खोटी नव्हती. उन्हाळा लागता लागता आम्ही अकोल्यातली दुकानं पालथी घातली, अमरावतीलाही चक्कर झाली. दिसायला असं पाहिजे की पाहुण्यानं आपण होऊन विचारावं, चालवायला इतकं सोपं की ललितावहिनींनीही चष्मा न लावता लावावं. आणि पैसे बाजूला ठेवलेले तेवढेच, वर एक रुपया नाही. पाच स्पीकरचा सेट त्यानं भिंतभर लोंबणाऱ्या तारा पाहून नाकारला. रंगीत लाइटवाल्या उंच डब्यांना म्हणाला, "हे का वरातीतलं आहे?" शेवटी अमरावतीच्या एका दुकानात त्याचं मन बसलं. टीव्हीखाली मावेल अशी काळी, सडपातळ पट्टी, कोपऱ्यात ठेवायला धमधम वाजणारा एक डबा, आणि एकच रिमोट. टीव्ही लावला की आपोआप सुरू.

त्यानं खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि आवाज वाढवायला सांगितला. मी दारात गेलो आणि तिथून हाक मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली. शेवटी जाऊन खांदा हलवला, तेव्हा डोळे उघडून हसला.

"काय आवाज हाय बे! दुसरं काई ऐकूच येत नाई."

मला हसू आलं नाही. मला खरंच भीती वाटली.

"सूर्यभान, हेच पैसे कूलरले लाव. अर्थिंग कर, नाईतर तो फायबरचा घे."

माणूस वाईट नव्हता. त्यानं वस्तू न घेता घर गाठलं आणि बायकोला विचारलं. वहिनींनी चहा ठेवता ठेवता निकाल दिला, "दोन महिन्याचा उनाळा. जन्मभर गाडीत धुरळा खाल्ला तुमी. थे घेऊन टाका. कूलरचं पुढच्या साली पाहू." मी चिडून अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. दोघंही माझ्याकडे पाहून हसत होते.

वस्तू घरात आली. वहिनींनी तिच्यावर विणलेला रुमाल घातला. मेमध्ये कूलर दुपारभर घरघरू लागला, आणि घरघर वाढली की सूर्यभान आवाज वाढवू लागला. मी गेलो की आधी आवाज कमी करायचो. माझी पाठ फिरली की पुन्हा वाढायचा.

त्या दुपारी मी त्यांच्या फाटकाशी पोचलो तर आतल्या आवाजानं फाटकाचा पत्राही थरथरत होता. कडी काढत असतानाच घरामागून वहिनींची हाक आली, नेहमीसारखी, बिनघोर.

"अवो, पानी टाकून राहिली!"

मी फाटकातूनच ओरडलो, "सूर्यभान, बंद कर! वहिनी, थांबा!" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. धावत आत शिरलो. सूर्यभान डोळे मिटून बसला होता, चेहऱ्यावर समाधान. त्याला ओलांडून मी बटण दाबलं. कूलरचं पातं हळूहळू थांबलं. होम थिएटर वाजतच राहिलं. मागच्या अंगणात नळीचं पाणी वाहत होतं आणि वहिनी त्या पाण्यात पडल्या होत्या.

दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही.

आता कूलर भंगारात गेला आहे, खिडकी विटांनी बुजवली आहे. होम थिएटर कोणाला फुकटही दिलं नाही, विणलेल्या रुमालाखाली तिथंच आहे. सूर्यभान दिवसभर शांत घरात बसून कान देतो. परवा मी त्याच्याजवळ बसलो होतो. गल्लीत भाजीवालीनं हाक दिली. तो धडपडत उठला, भिंतीशी गेला आणि कूलरचं बटण दाबलं. मग बटणावरचा हात न काढता मला म्हणाला, "तिनं दुसऱ्यांदा हाक कावून नाई मारली रे?"

उत्तर त्याला माहीत होतं, मलाही. तेव्हापासून त्याच्याकडे गेलो की मी दारातून हाक मारत नाही, आत जाऊन खांद्याला हात लावतो.