मधला टॉवर

माझ्या प्रबंधाचा विषय कुणी विचारला की मी आधी हसून घ्यायची. शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं मोबाइलवर बोलतात, तेव्हा आवाज आधी दूरच्या टॉवरला जातो आणि तिथून फिरून शेजारी येतो. हा हेलपाटा कशाला? टॉवरला मध्ये न घेता फोननं थेट फोनशी बोलावं. लहरी मात्र त्याच, टॉवरच्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या वापरातल्या. त्या कुणी, कधी आणि किती हलक्या ताकदीनं वापरल्या म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात खरखर होणार नाही, याचं गणित मी सहा वर्षं मांडत होते. दिवसा धाराशिवच्या कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी हे.

एकदा वडिलांना, म्हणजे आण्णांना, हे सगळं समजावून सांगितलं. भूमकडच्या आमच्या रानात विहिरीच्या काठावर बसून त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी सामाईक हीर. पानी एकच, पाळ्या नीट लावल्या की दोघांचं भागतं." हेच लिहायला मला चाळीस पानं लागली होती.

ती विहीर आण्णा आणि तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, या दोघांची सामाईक. दोन मोटारी एकदम चालल्या की पाणी तळाला जातं, म्हणून पाळ्या. पण बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. बाभळ कुणी तोडली हे आता सांगण्यात अर्थ नाही, ती निम्मी वाळलेलीच होती. अबोला धरला तरी मोटार कधी बंद केली हे कळवावंच लागतं. मग आण्णा मला धाराशिवला फोन करायचे, त्याला म्हणावं माझं भिजवून झालं. मी तात्यांना फोन लावायची. तात्या बांधापलीकडे, शंभर पावलांवर. त्यांचं उत्तर माझ्याकडे आणि माझ्याकडून आण्णांकडे.

खरं सांगते, मला ते आवडायचं. दोघंही तिरकं बोलायचे, मी तिरकेपणा गाळून निरोप पुढं द्यायची. घरातली शहाणी पोर म्हणून कौतुक व्हायचं. आई म्हणायची, तू आहेस म्हणून निभावतंय. दोघांना एकदा समोरासमोर बसवावं असं मनात यायचं, पण प्रबंधाचं एकदा होऊ दे, मग बघू, असं म्हणत मी ते ढकलत राहिले.

प्रबंधाची तोंडी परीक्षा विद्यापीठात होती, दुपारी. फोन बंद करून पर्समध्ये टाकला. एका परीक्षकांनी विचारलं, मधला टॉवरच बंद पडला तर तुमच्या या दोन फोनांचं काय होणार? मी ठसक्यात सांगितलं की ते थेट बोलतील, जवळ असले म्हणजे झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दुपारी तात्या रानात एकटेच होते. चुलती भूमच्या बाजाराला गेलेली. मोटारीच्या पेटीपाशी त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी मला दोनदा फोन लावला. तो लागेना तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आण्णांना लावला.

आण्णा गोठ्यात होते. पडद्यावर भावाचं नाव बघितलं आणि फोन पूर्ण वाजू दिला. रागानं नव्हे. गावात लोक काहीही बोलतात, म्हणून हे मला सांगायचंच आहे. भावाचं बोलणं माझ्याकडून यायचं ही रीत झाली होती, आणि रीत मोडून तो फोन का करतोय ते विचारायला आण्णांनी मलाच फोन लावला. एकदा, दोनदा, पाच वेळा. शेवटी ते बांध ओलांडून गेले तोवर पाऊण तास झाला होता. जीपमध्ये घालून भूमला नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन मी फोन चालू केला. तात्यांचे दोन, आण्णांचे पाच. मला वाटलं, मोटारीचंच काहीतरी असणार. हसतच आण्णांना फोन लावला आणि ते काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "आण्णा, झाले बघा मी डॉक्टर."

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तेराव्यानंतर मी आण्णांजवळ विहिरीवर बसले होते. म्हटलं, चूक माझी आहे, फोन चालू ठेवायला हवा होता. ते पाण्याकडे बघत होते.

"फोनाचं काय न्हाय," ते म्हणाले. "पर तू मधी नसतीस, तर आमी कवाच बोललो असतो."

चिडून म्हणाले नाहीत, माझ्याकडे बघूनही म्हणाले नाहीत.

तात्यांचं रान आता चुलती बघते. पाळ्या तशाच आहेत. आपलं भिजवून झालं की आण्णा मोटार बंद करतात, शंभर पावलं चालत बांधापर्यंत जातात आणि तिला स्वतः सांगून येतात. मला फोन येत नाही.