हळदीच्या गाण्यामागे धरलेला सूर

पुण्याहून कर्जतला उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर कीबोर्डचा स्टँड होता. कीबोर्ड मोहनने स्वतः घेतला होता. स्टँड कोणाकडेही देता येतो.

माझा हा मित्र बँडमध्ये 'पॅड' वाजवतो, म्हणजे गाण्यामागे पुष्कळ व्हायोलिनं एकदम वाजावीत तसा लांबलचक सूर धरून ठेवतो. तो नसला तर गाणं उघडं पडतं, असं त्याने वडा खाताना सांगितलं. वडा चांगला होता.

पुढे टेंपोने खालापूरकडे. दोन्हीकडे भातखाचरं, मधेच नव्या वसाहतींच्या कमानी. कमानीमागे बहुतेक ठिकाणी गवत. गावातल्या हळदीच्या मांडवावर फलक होता. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे इतके, की नवरदेव शोधावा लागला.

हळद लावण्याआधी नवऱ्याची आत्या हिराबाई धवला (लग्नविधीचं पारंपरिक गाणं) म्हणणार होती. त्यात आधी देवांना बोलावतात, मग गावाला, शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना, नाव घेऊन. नवऱ्याची आई गेल्या वर्षी वारली होती.

"वयनीचं नाव मलाच घ्यायचंय," हिराबाईने मोहनला बजावलं. "माज्या मागं काय वाजवू नको रं."

"वाजव रं!" नवऱ्याचा काका म्हणाला. "माइकवर नुसता आवाज रिकामा वाटतो."

मोहनने वाजवलं. साथीची सवय नसलेला हिराबाईचा गळा कडव्यागणिक जरा वर सरकत होता. पॅड जागचा हलेना. मोहन बटण दाबून अर्धा सूर वर चढला, तोवर ती आणखी पुढे. मांडवात हशा पिकला.

"ताय, सूर सुटला तुजा!" काका ओरडला.

"मी माज्या वाटंनं चाललेय. ती पेटीच आडवी येते!"

देव येऊन गेले होते, गाव अर्धा आला होता. काकाने माइक काढून बँडच्या गायकाला दिला आणि हळद लागली. पॅड आता अचूक जुळला. शाल-श्रीफळ देऊन मोहनचा सत्कार झाला.

सकाळी निघताना हिराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आत्या, राहिलेलं आता म्हणा की," मी म्हणालो.

"हळद लागली. आता कशाला बोलवू तिला? भांडी घासायला?"

परतीच्या गाडीत मोहनने कीबोर्डवर शाल पांघरली.

"मागचा सूर कसा वाटला?"

"भरलेला," मी म्हणालो. मांडवात हिराबाईच्या वहिनीला शिरायला जागा उरली नव्हती इतका, हे स्टँड धरून बसलेल्या माणसाने बोलायचं नसतं.