विझू न दिलेला मशालजी

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. तीस वर्षं तिने काजांशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. काजाच्या मशीनचं पातं एकदा खाली आलं की कापड गेलं. शिवण उसवता येते, काज उसवता येत नाही. म्हणून ती प्रत्येक पट्टीवरची खडूची खूण दोनदा तपासायची. माणसांच्या बाबतीतही तिचं तसंच होतं. राग यायला तिला वेळ लागायचा, पण एकदा आला की तो तिच्या डोक्यातून काढायची कोणाची टाप नव्हती. लग्न तिने केलं नाही. लॉन्ड्रीच्या वरची एक खोली आणि दोन रस्ते पलीकडे धाकट्या बहिणीचं घर, एवढाच तिचा संसार.

‘दुर्ग’ नावाच्या पत्त्यांच्या खेळात तिला ओढलं ते धाकटीच्या नवऱ्याने. हे भाऊजी विम्याच्या कचेरीत होते. स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी दुपारी त्यांचं मंडळ जमायचं. पाकिटं विकत घेऊन, एकमेकांत अदलाबदल करून ज्याने त्याने आपली चाळीस पानांची गड्डी बांधायची आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. एकदा एक भिडू कमी पडला म्हणून भाऊजींनी मेहुणीला नेऊन बसवलं. दोन वर्षांत ती त्यांनाच हरवायला लागली. ‘कानामागून आली आणि तिखट झाली,’ असं भाऊजी हसून म्हणायचे. हसू ओठांपुरतंच असायचं.

पुढे भाऊजी मंडळाचे पंच झाले. पत्ते काढणाऱ्या कंपनीने नियम बदलले की त्याचं पत्रक पंचांकडे आठ दिवस आधी यायचं. त्या आठ दिवसांत पंचाने तोंड बंद ठेवायचं आणि कुणाशी एकाही पानाची अदलाबदल करायची नाही, अशी मंडळाची रीत होती. कागदावर कुठे लिहिलेली नव्हती, पण होती.

अशाच एका आठवड्यात बहिणीकडे जेवणं झाल्यावर भाऊजी म्हणाले, “ताई, तुमचा मशालजी मला द्या. मी तुम्हाला तीन पाणबुडे देतो. तोट्यात मीच जातोय, पण तुम्ही घरातल्याच आहात.”

मशालजी मंडळात एकट्या तिच्याकडे होता. तो मांडला की दर डावाला दोन पानं जास्त ओढायला मिळत. पण तीन पाणबुडे एकत्र आले तर कुठलाही किल्ला खालून पोखरता येई. तिला मोह झाला आणि तिने मशालजी देऊन टाकला. माणूस घरातला, त्यामुळे खूण तपासायची राहिली.

चार दिवसांनी पत्रक भिंतीवर लागलं. कलम पहिलं: यापुढे एका गड्डीत एकच पाणबुड्या.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“नियम कंपनी करते, ताई. मी कुठे करतो?”

“पत्त्यांवरून काय गं भांडतेस, लहान आहेस का?” धाकटी म्हणाली.

केसाने गळा कापला तो कापला, वर बहिणीकडून हे ऐकून घ्यायचं. काजवाली मूग गिळून घरी आली. त्या दिवशी तिने जो डूख धरला, त्याच्यावर तिचे पुढचे चार महिने फार सुखाने गेले. हो, सुखाने. कुणाचं तरी वाईट करायचं ठरलं की माणसाला सकाळी उठायला कंटाळा येत नाही.

त्याच पत्रकात सातवं कलम होतं. पूर्वी गड्डी संपली की टाकलेली पानं पिसून पुन्हा घेता येत. आता ज्याची गड्डी आधी संपेल, तो हरला. या कलमाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण अर्धी गड्डी संपायच्या आतच सामना निकाली लागायचा. काजवालीने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि बाजारात कुणी फुकट घेत नव्हतं असली पानं गोळा करायला लागली: बुरूज, खंदक, दिंडी दरवाजा. एकही पान मारणारं नाही, सगळी अडवणारी.

“ताई किल्ला बांधतायत की धर्मशाळा?” भाऊजी विचारायचे. माडी हसायची. तीही हसायची.

वार्षिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ती दोघंच उरली. त्या सामन्याची जुनी रीत अशी, की जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या गड्डीतून हवं ते एक पान कायमचं उचलायचं. पंच म्हणून दुकानदार बसला. धाकटी नवऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसली.

भाऊजींनी तिसऱ्याच डावात मशालजी मांडला आणि तिच्याकडे पाहून मिशीत हसले. तिने मुकाट्याने बुरूज मांडला. त्यांनी हल्ला केला, तिने खंदक मांडला. ते दर डावाला तीन पानं ओढत होते, ती एक. अर्ध्या तासाने भाऊजींचा हात गड्डीवर थबकला. उरलेली पानं त्यांनी डोळ्यांनी मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. एकदा मांडलेला मशालजी मालकाला परत घेता येत नाही, आणि त्याची जास्तीची पानं ओढावीच लागतात.

“मारा की त्याला,” ते हळूच म्हणाले.

“कशाला? छान उजेड देतोय.”

मग त्यांनी वणवा टाकला. त्यात दोन्हीकडची माणसं जळतात, मशालजीसकट. काजवालीने शांतपणे भिस्ती काढला, जो एका माणसाला आगीतून वाचवतो, आणि तो भाऊजींच्या मशालजीवर ठेवला. दुकानदाराला हसू आवरेना. भाऊजींनी शेवटचं पान ओढलं आणि सातव्या कलमाप्रमाणे ते हरले.

त्यांनी मशालजी तिच्यापुढे सरकवला. “घ्या. तुमचाच होता.”

“तो नको. सगळी पानं उलगडून मांडा.”

चाळीस पानं मांडली गेली. तिने एकेकावरून नजर फिरवली आणि एक मेंढपाळ उचलला. कडा झिजलेलं, कवडीमोलाचं पान. भाऊजी दोन महिने इस्पितळात पडून होते, तेव्हा धाकटीने आणलेल्या पहिल्या पाकिटातलं. ते बरे झाले त्या दिवसापासून ते पान त्यांच्या प्रत्येक गड्डीत असायचं. हे काजवालीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिने ते उचललं.

भाऊजींचा चेहरा पाहून तिला इतकं बरं वाटलं, की तिने तो पुन्हा एकदा पाहून घेतला.

“ताई, ते सोड,” धाकटी म्हणाली. “दुसरं कुठलंही घे.”

“हवं ते उचलायचं, असंच ठरलंय ना?”

धाकटीने नवऱ्याची पानं गोळा केली, त्यांना रबर लावलं आणि उठली.

“ठेव मग. आणि यापुढे आमच्याकडे यायचं असेल तर आधी फोन करून ये.”

दोघं जिना उतरून गेली. दुकानदाराने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी तिच्यापुढे चहा ठेवला. काजवाली मेंढपाळ हातात धरून बसून राहिली. धाकटीच्या लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत त्या घरी ती कधी फोन करून गेली नव्हती.