दोन्ही हात लावून

नाही, माझं म्हणणं आजही तेच आहे. तात्यांनी त्या दिवशी मला पाठीशी घालायला नको होतं. चार वर्षं मी त्यांच्याशी मनातल्या मनात हेच भांडतोय. आता त्यांच्या पन्नाशीच्या ग्रंथासाठी मंडळींनी लेख मागितला, म्हणून चारचौघांत भांडतो. शाळा पाचवीपर्यंतच झाली, चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

तात्या म्हणजे आपले बेलापूरचे, तरुणपणी देशाकडून ऑलिम्पिकला पोहून आलेले. पोहण्याचे चारही प्रकार त्यांच्या अंगात, पण चारही प्रकार एकाच शर्यतीत पोहायची मेडली त्या वेळी तिथं नव्हती. एकट्या बॅकस्ट्रोकला उतरले आणि पहिल्याच फेरीत परतले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पानी लई गार हुतं." बाकी फुशारकी नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यांच्याच विहिरीत चोरून उडी मारताना. वाटलं, आता काठी बसणार. तर काठावर बसून म्हणाले, "पाय बेडकाचे मारतो, हात कुत्र्याचे. एक कायतरी ठरव." दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. फी नाही, वर काकूंची भाकरी.

विहिरीत वळायचं तर आम्ही एका हातानं दगडाची कपार धरायचो. मेडलीत ते चालत नाही. ब्रेस्टस्ट्रोक संपला की भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. त्यासाठी तात्यांनी आपल्या बैलगाडीची फळी काढून विहिरीत आडवी बांधली होती. शंभरदा सांगायचे. त्यांची पाठ वळली की मी कपारच धरायचो.

पुण्याच्या स्पर्धेत मेडलीला मी पुढं होतो. तिथंही एकच हात लावला आणि बाद झालो. पंचांनी विचारलं, तेव्हा तात्यांच्या देखत मी म्हणालो, "आमाला हे कुणी शिकवलंच न्हाई."

पंच तात्यांकडे वळले. "ऑलिम्पिकला जाऊन आलात, आणि एवढंही शिकवलं नाही?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "व्हय. माझंच राहिलं."

त्यावरून जिल्ह्याच्या संघाला शिकवायचं काम त्यांच्याकडून गेलं. परतताना एस.टी.त त्यांनी खिडकी लावून घेतली, आपल्या पंच्यानं माझं ओलं डोकं पुसलं. शिव्या दिल्या असत्या तर मी गावात राहिलो असतो. पळालो तो थेट कांडला बंदरात. इथं काम लागलं तेही पोहता येतं म्हणूनच. कुणी शिकवलं, असं मुकादम विचारतो, तेव्हा तात्यांचं नाव सांगतो, पण मान वर होत नाही.

म्हणून एवढं छापावं, गाळू नये. तात्यांनी शिकवलं होतं. मी खोटं बोललो. जिल्ह्याच्या मंडळींनी ते काम त्यांना परत द्यावं.

यंदा तिकडं पाऊस नाही, विहिरीत पाणी गुडघाभरच आहे असं कळतं. पाणी चढेल तेव्हा तात्या धडधाकट असावेत, आणि काठावर बसून पोरांना नावं ठेवत त्यांनी शंभरी गाठावी. जुनी फळी आता कुजली असेल. नव्या सागाच्या फळीसाठी मनीऑर्डरनं एकतीस रुपये पाठवतो आहे.