झोक्यावरचा फोन

आखाजी, म्हणजे लेकींना माहेरी आणायची खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती आणि पुना नानांना एका जागी बसवत नव्हतं. ओट्यावर टेकले की उठायचे, निंबाखाली जायचे, झोक्याचा दोर ओढून बघायचे आणि परत यायचे. दोराला काहीएक झालेलं नव्हतं. धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या बांधण्यात ज्याची हयात गेली, त्याने बांधलेला झोका सुटेल कशाला? त्यांची बायको झुंबरबाई म्हणाली, त्या गुडघ्यांना जरा दम खाऊ द्या. नाना हो म्हणाले आणि पुन्हा उठले.

खरं तर घरात आनंदीआनंद असायला हवा होता. नाना जाहिरातीत झळकले होते. लोक दिवसभर ज्यावर फोटो आणि व्हिडिओ बघत बसतात, तसलं ॲप चालवणाऱ्या एका बड्या कंपनीने गावात येऊन ती केली होती. गल्लीत प्रत्येकाच्या फोनवर नानांचं तोंड होतं. ज्यांनी कधी रामराम घातला नाही, ते थांबून हात मिळवत होते. बाया डोळे पुसत होत्या. झुंबरबाईने तर इतक्या वेळा पाहिली की तिला नवऱ्यापेक्षा जाहिरातीतला म्हातारा जास्त आवडायला लागला असावा.

जाहिरात होतीच तशी. कडक ऊन, निंबाला टांगलेला रिकामा झोका, माहेरी आलेल्या पोरींचा गलका. सगळ्यांच्या लेकी आल्यात, एका म्हाताऱ्याची नाही. तो झोक्याकडे बघतो, त्याचे डोळे भरतात. तेवढ्यात फोन वाजतो. फोनमध्ये लेक. म्हातारा खुलतो, फोनच झोक्याच्या फळीवर ठेवतो आणि हलकेच झोका देतो. फोनमधली लेक खिदळते. म्हातारा म्हणतो, "नई उनी ते नई उनी बाय. तू ते आठेच शेस." नाही आलीस तर नाही, तू तर इथेच आहेस, असं. मग कंपनीचं नाव, आणि खाली अक्षरं येतात, 'आता लांब कुणीच नाही'.

ती बघून चोपड्याहून सारिकाचा फोन आला होता. सारिका म्हणजे नानांची एकुलती लेक. मागच्या दोन आखाजींना तिचं येणं हुकलं होतं, एकदा तिचं बाळंतपण आणि एकदा नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. एरवी चैत्र लागला की ती विचारायची, मुराळी कधी पाठवता? लेकीला सासरहून आणायला जाणारा तो मुराळी, आणि तिला भाऊ नसल्यामुळे तो मान नानांचाच. यंदा तिने विचारलंच नाही. हसत हसत म्हणाली, नाना, उन्हात येऊ नका, आपण जाहिरातीसारखंच करू, मी झोका फोनवर घेईन. नाना "बरं" म्हणाले. फोन ठेवला, आणि तेव्हापासून ही चुळबुळ सुरू झाली.

त्यांच्या मनाने सगळा दोष सारिकाच्या सासूला, इंदिराबाईला दिला. तिनेच अडवलं असणार, आणि अडवायला हत्यार मी हातात दिलं. ती म्हणाली असेल, तुझा बापच सांगतो ना, आली नाहीस तरी चालेल! त्याच्यावर काय बोलायचं? दोन दिवस त्यांनी मनातल्या मनात इंदिराबाईशी भांडण केलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईला सांगून अमळनेरमार्गे चोपड्याची एसटी पकडली. सारिकाला कळवलं नाही.

चोपड्याच्या अलीकडे केळीच्या बागा लागल्या तरी नानांचं भांडण आवरलेलं नव्हतं. घर आलं तसा त्यांनी छातीत दम भरून घेतला. पण इंदिराबाईने त्यांना पाहिलं आणि पदर सावरत शेजाऱ्यांनाच हाका मारल्या, की या, आमचे व्याही आलेत, जाहिरातीतले. पाणी दिलं, पन्हं दिलं, भिंतीवरच्या टीव्हीवर जाहिरात लावली आणि स्वतःच रडली. नाना गोंधळले. भांडायला आलेल्या माणसाला कुणी पन्हं देऊ नये, फार अवघड होतं.

शेवटी त्यांनी विषय काढला, की पोरीला न्यायला आलोय. इंदिराबाईला नवल वाटलं. ती म्हणाली, मी तर कधीची सांगतेय तिला, जा म्हणून. काकणं भरून झाली, साडी आणून ठेवली. तीच नाही म्हणते.

सारिका दारात पोराला कडेवर घेऊन उभी होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, "नाना, तुमना चेहरा देखीसन माले वाटनं, मी नई उनी तरी तुमले चालस."

नानांना ते फार लागलं. जग फसलं तर फसलं. पण ही पोर त्यांच्या मांडीवर वाढली होती, बाप रागावलाय की उपाशी आहे, हे तिला नुसत्या पाठीवरून कळायचं. तिलाही तोच चेहरा खरा वाटला? आणि चिडायचं तरी कुणावर? खोटं असं त्यात काहीच नव्हतं. डोळ्यांतलं पाणी त्यांचं होतं, हसू त्यांचं होतं, बोलही त्यांचेच होते. उलटापालट झाली होती ती फक्त क्रमाची.

मग त्यांनी सांगितलं. आधी नीट जमेना, मग जमलं. कंपनीच्या लोकांनी फाल्गुनातच त्यांच्याकडून झोका बांधून घेतला होता. शूटिंगच्या दिवशी सकाळी टोपीवाला दिग्दर्शक शेजारी बसून सहज विचारू लागला, लेक झोका किती उंच घ्यायची, कधी आली होती शेवटची. नाना सांगत गेले आणि मध्येच त्यांना बोलवेना. कॅमेरा चालू होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं. डोळ्यांतलं पाणी ते. ते बोल, तू आठेच शेस, हे झोक्यालाच म्हटलेले. पोर समोर नसली की माणूस बोलतो तसे. फोन हातात दिला तो दुपारी. त्याच्यावर काळा कागद चिकटवलेला. फोनमधली लेक मागाहून घातलेली, मुंबईची कुणी पोरगी, तिला नानांनी आजतागायत पाहिलेलं नाही. आणि हसू? फळीवरून तो फोन घसरला, त्याला झेलायला दिग्दर्शकाने पालथी उडी मारली, टोपी एकीकडे अन् तो एकीकडे. त्याचं हसू ते.

"तो फोन बंद व्हता बाय," नाना म्हणाले. "मी झोकाकडे देखीसन रडनू. तू नई व्हतीस म्हणीसन."

इंदिराबाईने टीव्ही बंद केला. मग ती उठली, आतून पिशवी आणली आणि नवी साडी स्वतःच्या हाताने तिच्यात घातली. आपला भाऊ गेल्यापासून आपल्याला न्यायला कुणी येत नाही, भाचा आखाजीला व्हिडिओ कॉल लावतो, चांगला पोरगा आहे, असं ती साडीची घडी नीट करताना म्हणाली. सारिकाने पोराला नानांकडे दिलं आणि सासूच्या पाया पडली.

परतीच्या गाडीत सारिका खिडकीशी, नातू नानांच्या मांडीवर. आता तरी बुड टेकायला हरकत नव्हती. पण गाडी चोपड्याबाहेर पडते न पडते, पुढच्या बाकावरून नानांना स्वतःचाच आवाज आला. तू ते आठेच शेस. एक तरणी बाई फोन हातात धरून बसली होती आणि बोटाने डोळ्यांच्या कडा टिपत होती. नानांनी मान वळवली. नजर परत तिकडेच गेली. नातवाला सारिकाकडे देऊन ते बाक धरत धरत पुढे गेले.

बाईने वर पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. तिचा चेहरा उजळला. "बाबा, तुम्हीच ना हे?"

नाना म्हणाले, मीच. आणि विचारलं, पोरी, आखाजीला तुला न्यायला कोण येणार?

"वडील यायचे," ती म्हणाली. "पण यंदा त्यांनीच ही पाठवलीय मला. म्हणाले, आपणही असंच करू."

गाडीने वळण घेतलं, नानांनी दांडा घट्ट पकडला. गुडघा ठणकत होता.

"लाव त्यासले फोन," ते म्हणाले. "मी बोलस."

"साधा लावू की व्हिडिओ?"



"व्हिडिओच लाव," ते म्हणाले. "मना चेहरा देखू दे त्यासले."