तिला सरळ निजवताना

माझी मुलगी बसून झोपते. मांडी घालते, पुढे वाकते आणि कपाळ गादीला टेकवते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी चादरीची घडी घालून ठेवली आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि तीन वर्षांची असल्यापासून हे असंच चाललं आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. अंग मऊ आणि सांधे सैल असल्यामुळे अशी घडी तिला सहज जमते.

आमच्याकडे कुणी गुडघ्यात डोकं घालून बसलं की मोठी माणसं खेकसतात. मयत झालेल्या घरात माणसं तशी बसतात, म्हणून एरवी तसं बसायचं नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला पहिल्यांदा तसं झोपलेलं पाहिलं तेव्हा ते दारातच थांबले.

"उठीव तिला. घरात कोण गेलंय का?"

"झोपलीय ती, आप्पा."

"ही काय झोपायची रीत हाय? सरळ कर पोरीला."

मला हसू आलं होतं. मी सणसवाडीला कंपनीत क्वालिटीला आहे, असल्या गोष्टी मानत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. पण आप्पा बोलून गेले आणि त्यानंतर मला ती झोपलेली दिसेचना, दुखवट्याला बसलेलीच दिसू लागली. म्हणून मी तिला सरळ करायला लागलो.

त्याची माझी एक पद्धत ठरली होती. आधी दोन्ही घोटे धरून पाय ओढायचे. मग खांद्याला धरून उताणं करायचं, डोकं उशीवर ठेवायचं, गोधडी छातीपर्यंत घ्यायची आणि तिच्या दोन्ही कडा गादीखाली घट्ट खोचायच्या. ती थोडा वेळ तशी राहायची. जोरात घोरायची. मग हात-पाय झाडून गोधडी सोडवायची आणि पुन्हा उठून घडी. मी पुन्हा घोटे धरायचो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मला पहाटे कंपनीची बस गाठायची असे आणि तरी रात्रीतून चार-पाच वेळा माझं हे चाले. बायको कुशीवर वळून म्हणायची, "अहो, झोपू द्या की तिला तशी. तिला बरं वाटत असंल." मी म्हणायचो, पाठीला बाक आला तर कोण जबाबदार?

ती "नको बाबा" म्हणायची. तिला फार शब्द येत नाहीत, पण हे दोन तिला फार लवकर आले. मी ते हट्टात जमा केले.

एकदा मी तिला मारलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, ती तेव्हा वरवंडला माहेरी होती. मुलीला थोडी सर्दी होती म्हणून मीच ठेवून घेतली होती. त्या रात्री ती सहाव्यांदा उठून बसली तेव्हा मी तिच्या मांडीवर एक चापट मारली, जोरात. ती रडली नाही. सरळ झोपली. दोन्ही हात बाजूला, डोळे छताकडे. मला वाटलं, चला, शिकली एकदाची. आणि मला शांत झोप लागली. ती किती वेळ जागी होती, मला माहीत नाही.

घोरण्याची तर आमच्याकडे गंमतच होती. तिच्या मामाकडे आम्ही दिवाळीला गेलो की मेहुणा सकाळी अंगणात दात घासता घासता म्हणायचा, "दाजी, भाची काय घोरती! मला वाटलं, कुणी डिझेल इंजन चालू केलं." सगळे हसायचे, मीही. घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय, एवढंच आम्हाला ठाऊक. तिकडे ती हॉलमध्ये मामेभावंडांच्या गर्दीत झोपायची, मी आत. गर्दीतून घोटे शोधून ओढायला कोण जाणार? तिकडून ती टवटवीत होऊन यायची. बायको म्हणायची, "मामाकडं हिला बरोबर झोप लागती." मला ते माहेरचं कौतुक वाटायचं. मी टोमणा मारायचो, की मग तिकडेच राहा.

घरी मात्र सकाळी तिची उशी घामाने ओली असायची. शाळेच्या व्हॅनमध्ये ती डबा हातात धरून झोपायची. वर्गात चिडायची, ओरबाडायची. बाईंचा फोन आला की मी सांगायचो, थोडी हट्टी आहे.

तिच्या हृदयाच्या तपासणीसाठी आम्ही वर्षातून एकदा पुण्याला जातो. गेल्या खेपेला तिथल्या डॉक्टर नवीन होत्या. त्यांनी सगळं पाहून झाल्यावर विचारलं, "झोप कशी आहे?"

मी लगेच म्हणालो, "छान. घोरते अगदी."

बायको म्हणाली, "बसून झोपती, मॅडम. अशी." आणि तिने खुर्चीतच वाकून दाखवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एका रात्रीचा व्हिडिओ काढून आणा. तिला हवं तसं झोपू द्या, मध्ये काही करू नका, फक्त मोबाईल लावून ठेवा.

मी मोबाईल कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला, चार्जर लावला, छोटा दिवा चालू ठेवला आणि शेजारी झोपलो. सकाळी बस होती, म्हणून पाहिला नाही. नंतरही पाहिला नाही. काय पाहायचं त्यात, झोपलेलं पोर.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या टेबलावर तो आम्ही तिघांनी पाहिला. मुलगी खाली बसून वजनकाट्यावर पाय ठेवत-उचलत होती. व्हिडिओत ती उताणी होती. घोरणं चालू होतं, चालू होतं, आणि बंद झालं. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, पण आवाज नव्हता. मी पडद्याकडे पाहत माझा स्वतःचा श्वास धरून बसलो होतो आणि मला तो सोडावा लागला, तरी तिचा आला नव्हता. मग एक जोराचा फुरका आला, ती तडफडून उठली, मांडी घातली, वाकली. श्वास सुरू झाला. हलका, एकसारखा.

तेवढ्यात पडद्यावर डावीकडून एक हात आला. मनगटात तांब्याचं कडं. हाताने तिचा घोटा धरला आणि ओढला.

मला हे मुळीच आठवत नव्हतं. मी झोपेत होतो. सहा वर्षांत हात इतका तरबेज झाला होता, की त्याला मी जागा असायची गरज उरली नव्हती.

"हा हात कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

बायकोने माझ्या मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मला क्षणभर वाटलं, सांगावं, त्याच रात्री चुकून झालं असेल.

"माझा," मी म्हणालो. "रोज करतो."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं, की या मुलांचा घशाचा मार्ग अरुंद असतो, जीभ आणि स्नायू सैल असतात, टॉन्सिल वाढलेले असले तर झोपेत वाट बंद होते. उताणं झोपवलं की जास्तच. वाकून बसलं की वाट थोडी मोकळी होते, म्हणून ती उठत होती. "बसून झोपणं हा उपाय नाही," त्या म्हणाल्या, "पण ती श्वास शोधत होती. आणि हा त्रास तुमच्या हातामुळे झालेला नाही, हे लक्षात ठेवा."

मी मान हलवली. झालेला नाही, हे खरं. तिने स्वतः शोधलेली वाट मात्र मी रोज बंद करत होतो. ते त्यांनी म्हटलं नाही, मलाही म्हणता आलं नाही.

परतताना शिक्रापूर आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या नाइटच्या आठवड्यात बाईंचा फोन कधी आला नाही. तुम्ही घरी नसायचा ना."

पुढे झोपेची तपासणी झाली. अंगभर चिकटवलेल्या वायरी तिला राख्या वाटल्या, प्रत्येक नर्सला तिने हात पुढे करून दाखवल्या. टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढली. बराच फरक पडला. घाम कमी झाला, व्हॅनमध्ये ती आता खिडकीतून ट्रक मोजते, तीनच्या पुढे चुकते. पण दुसऱ्या तपासणीत श्वासाचं थोडं थांबणं उरलेलं निघालं, म्हणून आता नाकावर हवेचा मास्क लावून झोपायची सवय करतोय. तो मास्क तिने पहिल्यांदा आप्पांना लावला.

"आगं, ईमान चालवायला बसवती का काय मला!" आप्पा मास्कच्या आतून ओरडले. ती खिदळली.

मी आप्पांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला कुठं ठावं व्हतं रं." त्यांचं बरोबर आहे. ते एकदाच बोलले होते.

अजूनही ती मास्क काढून टाकते आणि घडी घालून बसते. मी मास्क पुन्हा लावून पाहतो, जमलं तर जमलं. घोट्यांना हात लावत नाही. पण मला झोप येत नाही. तिचा आवाज ऐकत पडतो, थांबला की उठतो, चालू झाला तरी उठतो. झोपेत आपला हात पुन्हा जाईल म्हणून मी तिच्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून झोपतो. हात पोटाखाली घेतो.

मागच्या आठवड्यात माझी नाइट होती. दुपारी घरी पडलो होतो, कुशीवर, पाय पोटाशी. मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकलं, माझ्याजवळ आली. मला वाटलं, शेजारी झोपेल. तिने माझे दोन्ही घोटे धरले. ओढले. मी जड, पाय काही सरकेनात, मग मीच ते लांब केले. तिने खांदा ढकलून मला उताणं केलं, डोकं उशीवर सरकवलं, गोधडी छातीपर्यंत घेतली आणि एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, जीभ बाहेर काढून, मन लावून कडा गादीखाली खोचल्या.

"सरळ," ती म्हणाली.

मग गोधडीवरूनच माझ्या मांडीवर एक चापट मारली. रागाने नाही. ती तिला त्या कामातली शेवटची पायरी वाटत असावी.

ती आत आईकडे खायला मागत गेली. मी दोन्ही हात बाजूला घेऊन छताकडे बघत राहिलो. संध्याकाळी बसची वेळ होईपर्यंत मी कूस बदलली नाही.