रंगाचे तीन हात

कागदोपत्री ती मोटरहोम होती. डिझेलवर चालणारी, आत दोन माणसांचा पलंग, दोन शेगड्या आणि कपाटाएवढं न्हाणीघर. त्यात शिरल्यावर वळायचं की साबण घ्यायचा, यातलं एकच काही जमे. गल्लीने दोन दिवसांत तिचं नाव बिऱ्हाडगाडी करून टाकलं आणि तिचा मालक असलेल्या पेंटरनेही ते मुकाट्याने मान्य केलं. करतो काय! गल्लीशी भांडून कोण जिंकलंय?

चाळीस वर्षं पेंटरने दुसऱ्यांच्या ट्रकांची दारं रंगवली. वर मालकाचं नाव, खाली ट्रक जातो त्या गावांची नावं, त्यांना सावली दिलेली. शेकडो गावं त्याच्या कुंचल्याखालून गेली. त्यातली प्रत्यक्ष पाहिलेली तीन, आणि त्यातल्या दोन ठिकाणी तो लग्नाला गेला होता, म्हणजे पाहिला तो मांडवच. हात थकल्यावर त्याने ही जुनी गाडी घेतली आणि वर्षभर रंगवली. बाहेरून, आतून, चाकांच्या पोटातून. बॉनेट उघडून इंजिनभोवतालचा सगळा पत्रा घासला, रंगाचे तीन हात दिले, आणि मग प्रत्येक नट पुसून जागच्या जागी बसवला. "बॉनेटखाली कोण बघायला जातंय?" असं कुणी विचारलं की म्हणे, "मी जातो ना!"

त्याची बायको मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेली. पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला. पेंटरला गल्ली अरे-तुरे करायची, त्यांना मात्र अहो-जाहो, आणि हाक एकच: सिस्टर. नवराही सिस्टरच म्हणायचा. नव्या भाडेकरूंचे चेहरे पहिल्या आठवड्यात बघण्यासारखे होत.

सोमवारी निघायचं ठरलं होतं. समुद्रकाठी सिस्टरची धाकटी बहीण राहते, तिथे पहिला मुक्काम, पुढे रस्ता नेईल तिकडे. आणि नेमका तेव्हाच डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागला.

लागायचा म्हणजे कसा? मनात आलं तर. कधी चढावर, कधी सिग्नलला उभं असताना. पाच मिनिटं जळायचा आणि काही घडलंच नाही असा विझायचा. कधी सोबतीला बॅटरीचा दिवा घेऊन यायचा. गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली की सगळं चिडीचूप, दाताच्या डॉक्टरच्या दारात दाढ ठणकायची थांबते तसं. या इलेक्ट्रिशियनला गल्लीत 'नंतर' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो "नंतर बघू" म्हणतो. त्याने तीनदा गाडी पाहिली आणि तीनदा तेच म्हटलं.

सिस्टरनी मंगळवारी निकाल दिला. "शनिवारपर्यंत दिवा लागला नाही तर जायचं. लागला तर गाडी बेकरीवाल्याला द्यायची. तो केव्हाचा मागतोय, फिरतं दुकान करायचंय त्याला."

"अगं, एवढासा दिवा तो!"

"जन्मभर पेशंट स्ट्रेचरवरून नेले मी. आता म्हातारपणी टोइंगच्या गाडीला लटकून बहिणीच्या दारात जायचं नाही मला."

पेंटरने मान डोलावली. बुधवार कोरडा गेला. गुरुवारी सकाळी तो एकटाच दूध आणायला म्हणून गाडी घेऊन गेला. दूध शंभर पावलांवर मिळतं, ते सोडा. पण परत येताना पिवळा दिवा लागला, आणि घराच्या वळणापर्यंत विझायचं नाव घेईना. पेंटरने चाळीस वर्षांचा अनुभव पणाला लावला. खिशातली काळी चिकटपट्टी काढली, नखाएवढा तुकडा कापला आणि दिव्यावर असा सफाईने बसवला की काचेलाही तो काचच वाटावा.

शुक्रवारी सिस्टर शेजारच्या सीटवर बसल्या. पेंटरने किल्ली अर्धी फिरवली. इंजिन सुरू व्हायच्या आधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागतात आणि मग विझतात, हे पेंटरला ठाऊक होतं. ते सिस्टरनाही ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "पाचच लागले."

"काय पाच?"

"बॅटरी, तेल, ब्रेक, एबीएस आणि ते डिझेल तापवायचं वेटोळं. सहावा कुठाय?"

"जळाला असेल बल्ब."

सिस्टरनी बोट पुढे केलं आणि नखाने पट्टी उचकटली. पिवळा दिवा खालून टकमक बघत होता.

"तापलेल्या पेशंटचा थर्मामीटर लपवलात तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर पेंटरला बरं वाटलं असतं.

"मग काय करू? एकदा तरी जाऊन येऊ दे ना! नुसती नावंच लिहीत मरू का मी?"

सिस्टर उतरल्या, घरात गेल्या आणि बेकरीवाल्याला फोन लावला. रविवारी सकाळी या, म्हणाल्या. पेंटर गाडीतच बसून राहिला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना एकाएकी हवेची गरज भासू लागली होती.

दहा मिनिटांनी सिस्टर वही घेऊन परत आल्या आणि सीटवर बसल्या. "चला. फिरवा गाडी."

"आता कशाला? दिलीस ना?"

"आजार काय ते न कळता पेशंट दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही. बेकरीवाल्याला काय सांगू, मनात आलं की दिवा लागतो म्हणून? मनात-बिनात काही नसतं. ताप कधी चढतो ते कुणी लिहिलंच नाही."

मग दिवसभर त्या लिहीत होत्या. वेळ, रस्ता, चढ की उतार, आणि गाडीत काय काय चालू होतं. पेंटर गाडी हाकत होता आणि हुकूम झेलत होता: हेडलाइट लावा, बंद करा, पंखा लावा, वायपर चालवा. बाहेर लख्ख ऊन. कोरड्या काचेवर कुरकुरत वायपर हलवणारी ती गाडी बघून चौकातल्या दोन रिक्षावाल्यांनी आभाळाकडे पाहिलं.

पाच वाजता सिस्टर इलेक्ट्रिशियनच्या दुकानात शिरल्या आणि वही त्याच्यासमोर ठेवली.

"नंतर ब—"

"आत्ता. हेडलाइट आणि पंखा सोबत लावले की अकरातल्या नऊ वेळा दिवा लागलाय. सगळं बंद असताना एकदाही नाही. आणि तुम्ही दर वेळी सगळं बंद करूनच तपासलंत."

इलेक्ट्रिशियनने वही वाचली. मग त्याने इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि पंखा लावला, मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकाला लावली आणि दुसरी इंजिनच्या धातूला. "इथे शून्याच्या आसपास यायला हवं," तो पुटपुटला. काटा भलतीकडेच उभा होता. त्याने टॉर्च घेतला, आत हात घालून अर्थिंगच्या जाड तारेचा माग काढत गेला. ती पत्र्यावर जिथे बोल्टने आवळली होती, तिथे पोचून तो थांबला. बोल्ट काढला. खाली गुळगुळीत, चकचकीत, आरशासारखा निळा रंग.

"हे रंगवलं कुणी?"

सिस्टरनी नवऱ्याकडे पाहिलं.

"काम फार सुंदर आहे," इलेक्ट्रिशियन म्हणाला, आणि ते खरंच मनापासून म्हणाला. "पण अर्थिंगला नागडा पत्रा लागतो. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जायची. भार वाढला किंवा हादरा बसला की तीही अडायची, की लागले दिवे. पॉलिश पेपर आहे?"

पॉलिश पेपर पेंटरच्या खिशातच होता. द्यायला त्याने जरा वेळ लावला, आणि दिला नाहीच. "मीच घासतो," म्हणाला. वाकून तो स्वतःच्या रंगाचे तीन हात एकेक करून उतरवू लागला. निळी भुकटी बोटांवर जमली, मग खालचं राखाडी अस्तर, मग रुपयाएवढा उघडा पत्रा.

तार परत आवळली. सगळं लावलं: हेडलाइट, पंखा, वायपर, आतला फ्रिजसुद्धा. सिस्टर अर्धा तास डॅशबोर्डकडे बघत बसल्या. पिवळा दिवा लागला नाही.

"तरी ठरलं ते ठरलं," पेंटर हात पुसत म्हणाला. "गुरुवारी लागला होता. मीच लपवला. रविवारी येऊ दे त्याला."

सिस्टरनी वहीचं पान उलटलं, शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि फोन काढला.

"हॅलो, बेकरीवाले? रविवारी येऊ नका... नाही, भाव नाही वाढवला हो. पेशंट आमच्याच घरचा आहे, निदान झालंय, सोमवारी डिस्चार्ज देतोय... हो, गाडीला आणि नवऱ्याला, दोघांनाही."

पेंटर एव्हाना बॉनेटमध्ये पुन्हा वाकला होता. त्या उघड्या पत्र्याकडे बघताना त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप कुंचला धरल्यासारखी जुळली.

"अहो," फोन कानालाच ठेवून सिस्टर म्हणाल्या, "हात मागे."